बीपी आहे, साध्या मिठाऐवजी सैंधव वापरलं तर फरक पडेल का?

नाही, नुसतं सैंधव वापरून बीपी उतरत नाही, कारण तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, फक्त रंग गुलाबी. उलट ‘हे चालतं’ म्हणत हात सैल सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही, आणि त्यात आमटी-भाजीतलं, कणकेतलं, सगळं धरायचं. आपल्याकडे खरी गडबड पानाच्या डाव्या बाजूला: लोणचं, चटणी, पापड, शिवाय वरून वाढलेलं मीठ. संध्याकाळचं फरसाण वेगळंच. आधी तिथे कात्री लावा. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या डॅश-सोडियम चाचणीत मीठ कमी केल्यावर बीपी उतरलं. फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही असा आहार जोडल्यावर आणखी उतरलं. बाजारात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं, त्याने मात्र फरक पडतो, कारण त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो. पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.