वाचकांचे प्रश्न : पऱ्हाट्यांची आग आणि पहाटेची ऊब

प्रश्न : सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यात, आमचे शेतातले राहते घर आहे. जाड मातीच्या भिंतींचे, दोन खणांचे, धाब्याचे (सपाट मातीच्या छताचे). डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते आणि आईची सांधेदुखी वाढते. संध्याकाळी घमेल्यात विस्तव करून तो तिच्या खोलीत ठेवतो. पण धूर होतो आणि पहाटे तीनला खोली पुन्हा गार पडते. कपाशीच्या पऱ्हाट्या आम्ही दरवर्षी बांधावर जाळून टाकतो. त्यांच्यावर चालणारी आणि रात्रभर ऊब देणारी चूल घरात बांधता येईल का?

उत्तर : बांधता येईल, मात्र त्याआधी ते घमेले आज रात्रीपासून खोलीबाहेर ठेवा. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून माणूस उठून दार तरी उघडतो. धूर संपून निखारे लालबुंद झाले की आता भीती नाही असे वाटते, पण त्याच निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि दारे-खिडक्या लावून झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. घरात आग हवी असेल तर तिला धुराडे हवेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. ऊब टिकत नाही याचे कारण सरपण कमी पडते हे नसून ती साठवायला काही नाही, हे आहे. आपल्याकडचा तांब्याचा बंब आठवा : मधल्या नळीत थोडा वेळ जाळ होतो, भोवतीचे पाणी ती उष्णता धरून ठेवते आणि विस्तव विझल्यावरही कितीतरी वेळ पाणी कढत राहते. मांड्यांचे खापर चुलीवरून उतरवले तरी बराच वेळ हात लावू देत नाही, तेही यामुळेच. रशियातील विटांच्या प्रचंड भट्ट्या आणि काश्मीरमधील हमामाची दगडी जमीन याच तत्त्वावर चालतात. आग अल्पकाळ आणि प्रखर असावी, तिचा तप्त वायू धुराड्यात जाण्यापूर्वी विटा-मातीच्या मोठ्या वस्तुमानातून फिरावा, आणि मग ते वस्तुमान सावकाश ऊब सोडत राहावे.

पऱ्हाट्या इथे लाकडापेक्षाही सोयीच्या आहेत, असे मला वाटते. त्या भराभर आणि जोरात जळतात, म्हणून उघड्या चुलीत त्यांना नावे ठेवली जातात. पण साठवणीच्या चुलीला नेमका असाच जाळ लागतो. ओंडके दडपून रात्रभर धुमसत ठेवण्याच्या पद्धतीत निम्मे इंधन धूर होऊन जाते आणि धुराड्याच्या आत डांबरासारखा चिकट थर बसतो, जो पुढे पेट घेऊ शकतो.

हिशेब करून पाहू. एक टन विटांचे तापमान सरासरी ४० अंशांनी वाढवायला सुमारे ३३,६०० किलोज्यूल उष्णता लागते. चांगल्या वाळलेल्या एक किलो पऱ्हाट्यांतून ढोबळमानाने १५,००० किलोज्यूल मिळतात आणि त्यांतील दोन तृतीयांश विटांत उतरले असे धरले, तर साडेतीन किलोंच्या आसपास पऱ्हाट्या पुरतात. ही उष्णता आठ तासांत बाहेर पडली, तर १.२ किलोवॅटचा हीटर रात्रभर चालू ठेवल्यासारखे होते. विटेतून उष्णता तासाला साधारण एक इंच सरकते. म्हणून साडेचार इंची भिंतीच्या चुलीत सायंकाळी सातला जाळ केला, तर बाहेरचा पृष्ठभाग मध्यरात्रीच्या सुमारास सर्वाधिक उबदार होतो. तुम्हाला ऊब हवी आहे ती त्यानंतरच्याच वेळेला.

थंड देशांतल्यासारखी तीन-चार टनांची चूल आपल्याला नको. आपली खरी थंडी दोन-अडीच महिन्यांची, आणि उबेची गरज आईच्या एका खोलीपुरती. तेवढ्यासाठी सव्वातीनशे-साडेतीनशे विटांची, म्हणजे जेमतेम एक टनाची चूल आणि तिला जोडून धूर आतून फिरवणारा बसायचा ओटा पुरे. ती बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, नाहीतर कमावलेली ऊब भिंतीवाटे शेतात जाईल. दोन खणांमधल्या आडभिंतीशी बांधा.

खरा धोका पायात आहे. तुमची जमीन काळी असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसत्या फरशीवर एक टन वजन उभे केले तर दुसऱ्याच वर्षी चुलीला तडे जातील आणि त्या तड्यांतून धूर खोलीत येईल. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदून पाया भरा आणि तो घराच्या भिंतीला न जोडता स्वतंत्र ठेवा. जाळाची पेटी आग सोसणाऱ्या भट्टीच्या विटांची (फायरब्रिक) असावी, तिच्या आणि बाहेरच्या विटांच्या मध्ये पुठ्ठ्याएवढी फट ठेवावी, कारण तापल्यावर आतली पेटी फुगते. विटांच्या सांध्यांना सिमेंट नको; माती आणि वाळूचा गारा वापरा. नदीतले गोटे भरीला घालण्याचा मोह टाळा. त्यांत मुरलेले पाणी तापून ते फुटतात.

धुराडे सहा इंच व्यासाचे, स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि ते धाब्याच्या वर किमान तीन फूट काढा. सिमेंटचा ॲसबेस्टॉस पाइप स्वस्त मिळतो, पण तापल्यावर तो तडकतो, त्याचे तंतूही घातक असतात. छतातून जाताना लाकडी सरे आणि किलचणांपासून धुराडे चांगले दूर ठेवून भोवती पत्र्याची चौकट करा. धुराड्यात पूर्ण बंद होणारी झडप बसवू नका. जाळाच्या तोंडाला घट्ट लोखंडी दार असले आणि निखाऱ्यांची राख झाल्यावर ते लावले, की ऊब पुरेशी अडते.

पऱ्हाट्यांबाबत एक काळजी घ्यावीच लागेल. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, त्यामुळे पऱ्हाट्या पुढच्या हिवाळ्यासाठी रचून ठेवल्या तर ती तुमच्याच कपाशीवर परत येईल. फरदड (त्याच झाडांवरचे पुढचे पीक) न घेता डिसेंबरमध्ये उपटलेल्या पऱ्हाट्यांची बोंडे लगेच तोडून जाळा, कांड्या वीतभर तोडून पत्र्याखाली वाळवा आणि त्याच हंगामात संपवा. वर्षभर साठवायला तुरीच्या तुऱ्हाट्या किंवा बाभळीच्या फोडी ठेवा.

बांधकाम दसऱ्याच्या सुमारास उरका. गारा तीन-चार आठवडे वाळू द्या आणि नंतर आठवडाभर रोज मूठभर काड्यांचाच जाळ करा. ओल्या चुलीत पहिल्याच दिवशी मोठी आग केली तर ती उलते. आईचे अंथरूण ओट्यावर घालण्यापूर्वी दोन-तीन रात्री स्वतः तिथे बसा आणि मध्यरात्री ओट्यावर हाताचा तळवा ठेवून पाहा. तो सहज टेकवून ठेवता आला नाही, तर दुसऱ्या दिवशी अर्धा किलो पऱ्हाट्या कमी घाला.