एकच मुलूख धर

इंदूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी निसर्गचित्रे सावकाश पाहिली. हात तयार आहे, वॉश, म्हणजे पाणी घालून पसरलेला पातळ जलरंग, स्वच्छ पडतो. पण ओंकारेश्वर, महेश्वरचा घाट, मांडूचा जहाज महल ही सगळी लोकांनी आधीच सुंदर ठरवलेली ठिकाणं. तिथे तुला शोधायला काही उरत नाही. वर्षभर एकच मुलूख धर, तोही कोणी मुद्दाम बघायला जात नाही असा. इथल्या जवळच्या सिमरोलच्या अलीकडची साधी शेतं घे.

माळवा त्याच्या मातीत आहे. बेसॉल्ट झिजून झालेली ही काळी माती तू ट्यूबमधल्या काळ्याने रंगवतोस आणि शेत मरून जातं. गहू निघाल्यावर ती भेगाळते, करडी पडते. तिरप्या उन्हात तिच्यावर जांभळट झाक येते. पहिल्या पावसानंतर तीच माती इतकी गडद होते की आभाळ उजळ वाटायला लागतं. तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि गडद निळा अल्ट्रामरीन कागदावरच एकमेकांत उतरू दे, प्रमाण ऋतू बघून ठरव. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वॉशची कड बघता बघता धरते, म्हणून कागद मागूनही भिजव. श्रावणात तोच कागद वाळता वाळत नाही. तेव्हा कुंचला खाली ठेवून नुसतं बघत बसायचं. हे बसणंसुद्धा कामच आहे.

हिरव्याकडेही नीट बघ. पूर्वी इथे खरिपात ज्वारी उंच उभी असायची. आता सोयाबीन आहे: बुटकं, सपाट, सप्टेंबर सरता सरता पिवळं पडणारं. जुन्या चित्रांतला हिरवा उचलशील तर तुझं शेत खोटं ठरेल. आणि जाम गेटचा घाट उतरून खाली नर्मदाकाठच्या निमाडात गेलास की तुझे इथले रंग चालणार नाहीत. महेश्वर इंदूरपेक्षा सुमारे ४०० मीटर खाली आहे, तिथलं ऊन वेगळं.

दत्तात्रय देवळालीकरांनी १९२७ साली इंदुरात चित्रशाळा काढली, तिथून नारायण श्रीधर बेंद्रे आणि डी. जे. जोशी घडले. बेंद्रे इंदूरचेच; काश्मीर फिरले, १९५० मध्ये बडोद्याला चित्रकला शिकवायला गेले, शैली बदलत राहिले, शेवटी शेवटी ठिपक्यांतून चित्र उभं करू लागले. जोशी महेश्वरचे, त्यांनी माळवा-निमाडची माणसं आणि रानं रंगवली. तुला बडोद्याला जायचंय, जरूर जा. मला जोशींची वाट जास्त जवळची वाटते, हे मात्र लपवणार नाही. दोघांचीही मूळ चित्रं जिथे मिळतील तिथे जवळ जाऊन पाहा. छापील रंगांवर विश्वास ठेवू नकोस.

पैशांचं विचारलं होतंस. नुसत्या निसर्गचित्रांवर घर चालणं अवघड आहे. बेंद्र्यांनीही बडोद्यात १९६६ पर्यंत शिकवलं. शिक्षकाची नोकरी मिळाली तर घे, फक्त सकाळ मोकळी राहील असं बघ. इथलं चांगलं ऊन नऊ-साडेनऊपर्यंतच, पुढे सगळं चपटं होतं.

रविवारी घरी ये. फसलेले कागदही आण, फाडू नकोस. आधी तेच बघू.

तुझा,
काका