मैत्रिणीचा आहारतक्ता मला का लागू पडत नाही?

प्रश्न : वय ४६, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) ६.१. मैत्रिणीची साखर ज्या तक्त्याने उतरली, तोच मी पाळते; माझी जैसे थे. काय चुकतंय?

उत्तर : ताई, तुमचं चुकत नाहीये, तक्ता तुमचा नाही. झोप, स्नायूंचं प्रमाण, ताण, औषधं यांनुसार एकच भाकरी दोघींची साखर वेगवेगळी वाढवते. ग्लुकोमीटरने स्वतःचं मोजा. पहिल्या घासाआधी एकदा, त्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा. हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला फळाचा रस लागला असेल तर आकडा खोटा वाढतो. एक जेवण तीन दिवस सारखंच ठेवा, मग एकच बदल करा : आधी भाजी-उसळ, शेवटी भात, किंवा जेवणानंतर १५ मिनिटं चालणं. दोन्ही एकदम केलं तर गुण कशाचा, ते कळणार नाही. वहीत झोपेचे तासही लिहा. अपुऱ्या झोपेनंतर इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. हे बहुतेकजणी लिहीतच नाहीत.

हिमोग्लोबिनही तपासा. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतं. वही डॉक्टरांना दाखवा, स्टिरॉइडसारखी औषधं चालू असतील तर तेही सांगा. मनाने कुठलीही गोळी बंद करू नका.