चाचण्या झालेले औषध मागे का घेतले जाते? : वाचकांचे प्रश्न, औषधतज्ज्ञाची उत्तरे

प्रश्न : सांधेदुखीवरचे एक औषध काही वर्षे सर्रास वापरले गेले आणि मग हृदयाला धोका आहे म्हणून ते बाजारातून काढून घेण्यात आले, असे वाचनात आले. हे आधीच्या चाचण्यांत का कळले नाही? चाचण्या केवळ नावापुरत्या होतात, असे समजायचे का?

उत्तर : नावापुरत्या होत नाहीत, पण त्या कशासाठी असतात याबद्दल आपल्या सर्वांच्याच अपेक्षा थोड्या जास्त असतात. परवाना मिळण्यापूर्वी नवे औषध साधारणपणे काहीशे ते काही हजार लोकांना दिले जाते. समजा, एखादा गंभीर दुष्परिणाम दहा हजारांत एकाला होणारा आहे आणि चाचणीत ३००० लोक आहेत, तर तो एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के भरते. शिवाय गर्भवती स्त्रिया, अतिवृद्ध, मूत्रपिंड किंवा यकृत दुबळे असलेले रुग्ण आणि एकाच वेळी पाच-सहा औषधे घेणारे लोक यांना बहुतेक चाचण्यांतून वगळलेले असते. प्रत्यक्षात मात्र औषध घेणाऱ्यांत हीच माणसे मोठ्या संख्येने असतात.

आपण वाचलेले औषध बहुधा रोफेकॉक्सिब असावे. त्याला १९९९ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि सप्टेंबर २००४ मध्ये उत्पादक कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. निर्णायक पुरावा मिळाला तो सांधेदुखीच्या नव्हे, तर मोठ्या आतड्यातील गाठी पुन्हा होऊ नयेत यासाठी चाललेल्या चाचणीतून. अठरा महिन्यांहून अधिक काळ औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले तिथे स्पष्ट दिसले. मात्र आपल्या संशयात तथ्य अजिबात नाही, असेही मी म्हणणार नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत या औषधाच्या गटात हृदयविकाराचे झटके जास्त आढळले होते आणि त्या वेळी, तुलनेसाठी घेतलेले दुसरे वेदनाशामकच हृदयाचे रक्षण करत असावे, असा खुलासा पुढे करण्यात आला होता. तो खुलासा फार सहज स्वीकारला गेला, असे माझे मत आहे. ज्याचा माल विकायचा आहे त्यानेच त्याविरुद्धच्या पुराव्याचा अर्थ लावायचा, ही या उद्योगातली जुनी अडचण आहे आणि स्वतंत्र नियामक यंत्रणा हवी ती एवढ्यासाठीच.

परवान्यानंतरच्या देखरेखीला औषधदक्षता म्हणतात आणि तिचा उगम थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेत आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत हे झोपेचे औषध विक्रीला आले, अनेक देशांत पोहोचले, आणि गर्भारपणातील मळमळीवरही दिले जाऊ लागले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत जगभरात हजारो बालके हातापायांतील गंभीर व्यंगे घेऊन जन्मली होती. धोका ओळखला तो ऑस्ट्रेलियातील विल्यम मॅकब्राइड आणि जर्मनीतील विडुकिंड लेंझ या डॉक्टरांनी. एरवी क्वचितच दिसणारे व्यंग आपल्यासमोर पुन्हा पुन्हा का येते आहे, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी तो जाहीरपणे मांडला. त्यानंतर ब्रिटनमध्ये १९६४ पासून डॉक्टरांना संशयित दुष्परिणाम कळवण्यासाठी पिवळी कार्डे देण्यात आली आणि १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा नोंदी देशोदेशींहून एकत्र करण्याचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ पासून त्याचे काम स्वीडनमधील उप्साला येथून चालते.

अशी नोंद करण्यासाठी औषधामुळेच त्रास झाला हे सिद्ध करावे लागत नाही, संशय पुरेसा असतो. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, ते कधी सुरू केले, त्रास कधी सुरू झाला आणि सोबत आणखी काय घेतले जात होते, एवढे कळवले तरी ती नोंद उपयोगी पडते.

प्रश्न : जेनेरिक औषधात मूळ औषधापेक्षा २० टक्क्यांपर्यंत कमी औषध असले तरी चालते, हे खरे का?

उत्तर : हा गैरसमज इतका पसरला आहे की काही डॉक्टरही तो बोलून दाखवतात. गोळीत औषधद्रव्य किती असावे याच्या मर्यादा वेगळ्या आणि बऱ्याच काटेकोर असतात. या गैरसमजाच्या मुळाशी असलेला ८० ते १२५ टक्के हा आकडा मूळ औषधाच्या मानाने जेनेरिकमधून रक्तात किती औषध पोहोचते या तुलनेचा आहे, आणि त्यातही केवळ सरासरी या पट्ट्यात बसून भागत नाही. मोजमापातील अनिश्चितता धरून येणारी संपूर्ण कक्षा त्या पट्ट्यात बसावी लागते, त्यामुळे सरासरी २० टक्के कमी असलेले औषध या कसोटीवर उतरूच शकत नाही. अमेरिकेत १९९६ ते २००७ या काळातील २०७० अभ्यासांचा आढावा घेतला गेला तेव्हा रक्तात पोहोचणाऱ्या एकूण औषधातील सरासरी फरक ४ टक्क्यांहूनही कमी निघाला. अपस्मारावरची काही औषधे, रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे वॉरफरिन किंवा थायरॉइडची गोळी यांच्या बाबतीत मात्र थोडासा फरकही जाणवू शकतो, म्हणून तिथे उत्पादक वारंवार बदलू नये आणि बदललाच तर डॉक्टरांना सांगावे. अर्थात हे सारे कसोटी खरोखर पार पाडलेल्या औषधांबद्दल झाले. कसोटीच झाली नसेल तर लेबलवर जेनेरिक लिहिलेले असो की मोठे ब्रँडनाव, भरवसा सारखाच कमी.

प्रश्न : लहान मुलाच्या तापासाठी घरात पॅरासिटामॉलचे सिरप आणि थेंब दोन्ही आहेत. एक संपले की दुसरे तेवढेच दिले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि कृपया यापुढेही कधी असे करू नये. दोन्ही बाटल्या लेबल समोर येईल अशा शेजारी ठेवून पाहाव्यात. एका प्रचलित सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर थेंबांच्या १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम. म्हणजे सिरपऐवजी थेंबांच्या बाटलीतून ५ मिलिलिटर दिले तर १२५ च्या जागी ५०० मिलिग्रॅम, नेमके चौपट औषध मुलाच्या पोटात जाईल. तान्ह्या मुलांसाठी थोड्या द्रवात पुरेसे औषध बसावे म्हणून थेंब मुद्दाम तीव्र केलेले असतात. आपल्या बाटल्यांवरचे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून मुलाचे वजन सांगून डॉक्टरांकडून मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून घ्यावी, ती किती मिलिलिटर होते हे फार्मासिस्टकडून तपासून घ्यावे आणि बाटलीसोबत आलेल्या मापानेच ती द्यावी. स्वयंपाकघरातले चमचे एका मापाचे नसतात.

मोठ्यांसाठीही एक सूचना याच ओघात. सर्दीच्या अनेक संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, आणि काही देशांत त्याचे नाव ॲसिटामिनोफेन असे छापलेले असते. निरोगी प्रौढासाठी २४ तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानली जाते, आणि ती सर्व गोळ्यांतील मिळून आहे. मात्रा जास्त झाल्यास पहिल्या दिवशी कधी नुसती मळमळ होते, कधी काहीच होत नाही, यकृताची हानी मात्र आतून सुरू असते. त्यावर ॲसिटिलसिस्टीन हे चांगले प्रतिऔषध आहे, पण ते पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वांत गुणकारी ठरते. म्हणून त्रास होण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : गोळ्यांची पट्टी कापून घेतली तर काय बिघडते?

उत्तर : गोळीचे सहसा काही बिघडत नाही, माहिती मात्र हरवते. मुदत आणि बॅच क्रमांक बहुतेक वेळा पट्टीच्या एकाच टोकाला छापलेले असतात आणि कापताना ते टोक दुसऱ्याच कोणाकडे जाते. उरलेल्या तुकड्यावर कधी कधी औषधाचे नावही पुरते राहत नाही. मग संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी रोजच्या गोळ्यांत मिसळून जाते, आणि या एका चुकीने रुग्ण दगावल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात अनेकदा नोंदली गेली आहेत. पट्टी कापून घ्यावीच लागली तर नाव, मात्रा, मुदत आणि बॅच क्रमांक एका पाकिटावर लिहून घ्यावा आणि तुकडा त्याच पाकिटात ठेवावा.

जाता जाता, आपल्या पत्रात गोळी कुटून देण्याचाही उल्लेख आहे. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरे असलेली गोळी कुटू नये. बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू सुटावे असे औषध त्यामुळे एकदम सुटते. गिळणे अवघड जात असेल तर त्याच औषधाचा द्रवरूप पर्याय आहे का, हे फार्मासिस्टना विचारावे.