परसबागेतील परमुलखाची झाडे आणि मराठवाड्याची थंडी : प्रश्नांना उत्तरे

गेल्या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न एकाच मुद्द्यावर येऊन थांबतात, म्हणून त्यांना एकत्र उत्तर देत आहे. जिंतूर तालुक्यातील एका बागायतदारांनी कोकणातून आणलेली काळी मिरी आणि जायफळ विहिरीजवळ लावली असून डिसेंबरात त्यांची पाने काळवंडून गळू लागली आहेत. केजच्या एका भगिनींच्या कुंडीतील अडेनियमने (फुगीर खोडाचे शोभेचे फुलझाड) सारी पाने टाकली आहेत आणि खोड दाबले असता मऊ लागते. लातूरजवळच्या एका शेतकऱ्यांनी डेलियाचे कंद पुढील वर्षासाठी कसे राखावेत हे विचारले असून सोबत ट्युलिपचीही चौकशी केली आहे.

आपल्याकडील थंडी हिमाचलसारखी सलग नसते. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडे वारे येतात, आकाश निरभ्र राहते आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वेगाने गमावते, त्यामुळे परभणीत एखाद्या पहाटे पारा 5 अंशांच्याही खाली जातो आणि त्याच दिवशी दुपारी सदरा नकोसा वाटावा इतके ऊन असते. थंड हवा जड असल्याने ती सखल भागात साचते, म्हणून ओढ्याकाठच्या बागेत माळावरच्या बागेपेक्षा जास्त कडाका असतो, हे आपण गव्हाला पाणी द्यायला पहाटे गेला असाल तर अंगावर अनुभवलेच असेल. तालुक्याच्या ठिकाणचा आकडा आपल्या बागेला लागू पडेलच असे नाही. कमाल-किमान तापमापक झाडाच्या उंचीवर टांगावा. तो महाग नसतो.

जिंतूरच्या प्रश्नाकडे प्रथम येतो, कारण त्यात नुकसान थंडीने थोडे आणि उपचाराने जास्त झाले असण्याची शक्यता आहे. काळी मिरी 10 अंशांच्या खाली त्रासते. तिचे पाणी गोठत नाही, दंव पडावे लागत नाही, तरीही गार पडलेल्या मुळांची पाणी ओढण्याची शक्ती मंदावते. सकाळी ऊन वर आले आणि कोरडा वारा सुटला की पानांतून पाणी उडू लागते, पण खालून पुरवठा होत नाही, म्हणून आळ्यात ओल असूनही वेल कोमेजलेला दिसतो. हे पाहून आपण आणखी पाणी सोडता. काळ्या जमिनीत ते पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि अशा ओलीत बुरशीला फावते. तेव्हा पाणी देण्यापूर्वी बोटभर माती उकरून पाहावी. ओल हाताला लागत असेल तर पाणी थांबवावे.

याचा अर्थ थंडीत पाणी देऊच नये असा नव्हे. माती अगदी सुकी असेल आणि कडाक्याचा अंदाज असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत हलके पाणी द्यावे, कारण ओली जमीन दिवसाची उष्णता कोरड्या जमिनीपेक्षा जास्त धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. पाचटाच्या आच्छादनाबाबत मात्र अनेकांचा गैरसमज असतो. जाड पाचट मुळांना जपते हे खरे. परंतु तेच पाचट जमिनीची ऊब वर येऊ देत नाही, त्यामुळे पानांभोवतीची हवा अधिक गार राहते. म्हणून कडाक्याच्या दोन-तीन रात्री लहान रोपांच्या बुडाजवळचे पाचट बाजूला सारावे आणि नंतर पुन्हा पसरावे. धुराविषयीही विचारले जाते. शेतात ओला कचरा पेटवून धूर करण्याची पद्धत जुनी आहे, पण धूर उष्णता अडवण्यात फारसा कामाचा नसतो आणि जरा वारा आला की उडून जातो. परसबागेत त्यापेक्षा उत्तरेकडून तुराट्यांचा किंवा कडब्याचा आडोसा आणि वरून गोणपाट हा उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो. आच्छादन पानांना टेकू देऊ नये आणि सकाळी ऊन आल्यावर काढून घ्यावे.

काळवंडलेली पाने आणि वाळलेले शेंडे लगेच छाटू नयेत, कारण ते आतल्या कोंबांना थोडा आडोसा देतात आणि छाटणीनंतर फुटणारी कोवळी पालवी पुढच्या थंडीत आधी बळी पडते. फेब्रुवारीत रात्री उबदार झाल्यावर हिरवा भाग पाहून छाटणी करावी. याच कारणाने युरिया आता देऊ नये. मिरीचे दोन-तीन वेल आंब्याच्या किंवा नारळाच्या सावलीत हौसेने जगवता येतील. जायफळाबद्दल मात्र स्पष्ट सांगतो : त्याला वर्षभर दमट हवा लागते, आपला हिवाळा त्याने सोसला तरी मे महिना सोसणार नाही, तेव्हा त्यावर अधिक खर्च करू नये.

केजच्या भगिनींनी घाबरून जाऊ नये, परंतु उशीरही करू नये. अडेनियम थंडीत पाने टाकते आणि विश्रांती घेते, हा त्याचा स्वभाव आहे. खोड मऊ लागणे हे मात्र वेगळे लक्षण आहे. खोड सुरकुतलेले असून वास येत नसेल तर ती केवळ पाण्याची कमतरता असू शकते. बुडाशी पिलपिलीत आणि दुर्गंधीयुक्त असेल तर ती कूज आहे. कूज असल्यास झाड उपटावे, धारदार चाकूने निरोगी पांढरा भाग लागेपर्यंत कापावे, जखम सावलीत काही दिवस सुकू द्यावी आणि नंतरच वाळू-मुरूम मिसळलेल्या मातीत बसवावे. कुंडीतील मुळे जमिनीतल्या मुळांपेक्षा लवकर गार पडतात, म्हणून कुंड्या घराच्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत बाहेर ठेवाव्यात, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते. नवी पालवी दिसेपर्यंत पाणी नाममात्र द्यावे.

लातूरच्या प्रश्नात तर गणितच उलटे आहे. थंड देशांत डेलियाचे कंद जमीन गोठते म्हणून हिवाळ्याआधी काढून घरात ठेवतात. आपल्याकडे जमीन गोठत नाही; येथे तो हिवाळ्यातच फुलतो आणि धोका असतो तो उन्हाळ्याच्या तापलेल्या मातीचा व पावसाळ्यातील कुजीचा. मार्चमध्ये फांद्या पिवळ्या पडल्यावर खोडाचा वीतभर तुकडा ठेवून कंद खणून काढावेत, कारण नवा डोळा कंदाला नसतो, तो खोडाच्या मानेशी असतो आणि मानेपासून तुटलेला कंद कितीही मोठा असला तरी उगवत नाही. कंद सावलीत वाळवून मडक्यात कोरड्या वाळूत ठेवावेत, महिन्यातून एकदा पाहून कुजके वेगळे करावेत आणि पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा लावावेत.

ट्युलिपला फुलण्यासाठी साधारण 12 ते 16 आठवडे सलग गारवा लागतो आणि आपल्या चार-सहा थंड रात्रींनी तो भरून निघत नाही. बाजारात आधीच शीतगृहात ठेवलेले कंद मिळतात, ते डिसेंबरात लावल्यास एकदा फुलतील. फूल संपल्यावर तो कंद पुढच्या वर्षासाठी जपण्यात मेहनत घालवू नये.

परभणीच्या कृषी विद्यापीठाची हवामानावर आधारित सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. तीत किमान तापमान उतरणार असल्याची सूचना दिसताच गोणपाट व तुराट्या संध्याकाळपूर्वी बागेत आणून ठेवाव्यात.