तंत्रशंका : तीन ठिकाणच्या फायली

प्रश्न : आमच्या मंडळाने देवळांतल्या उत्सवी नाटकांच्या जुन्या कॅसेटी डिजिटल केल्या. काही फायली फोंड्याला नॅसवर (नेटवर्कवरून सगळ्यांना उघडता येणाऱ्या डिस्कवर), काही मडगावच्या सर्व्हरवर, उरलेल्या भाड्याच्या क्लाउडवर आहेत. एकाच नाटकाच्या तीन प्रती निघतात आणि खरी कुठली यावर वाद होतो. एकाने ‘आयरॉड्स’ हे सॉफ्टवेअर सुचवले आहे. बसवावे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तीन प्रती आहेत ते बरेच आहे. कुठली प्रत कुठे आणि कधीची, याची नोंद नाही, म्हणून वाद.

आयरॉड्स ती नोंद ठेवते. सॅन डिएगो सुपरकॉम्प्युटर सेंटरमधल्या ‘स्टोरेज रिसोर्स ब्रोकर’ या जुन्या सॉफ्टवेअरचा हा मुक्तस्रोत वारस. ब्रिटनमधली सँगर इन्स्टिट्यूट आपली जनुकीय माहिती यावरच सांभाळते. फायली आपापल्या जागी राहतात, वर एक कॅटलॉग असतो. तुम्ही ‘उत्सवी नाटके, म्हार्दोळ’ असा एकच मार्ग पाहता. फाईल फोंड्यातून आली की क्लाउडवरून, ते कॅटलॉग बघतो. प्रत्येक फाईलला गुण, मूल्य, एकक अशी माहिती जोडता येते : ‘लांबी, ४२, मिनिटे’. नटाच्या नावावरून शोधायचे तर हे लागतेच. चेकसम, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, नोंदवून ठेवलात की एखादी प्रत बिघडली तर पडताळणीत कळते.

प्रती आपोआप करणारा रेप्लिकेशन रिसोर्सही आहे, पण तुम्ही तो घेऊ नका. तो फाईल चढवतानाच दुसरी प्रत करायला जातो. पावसात मडगावची लाईन गेली, की इथे फोंड्यात माणूस एररकडे बघत बसणार. त्यापेक्षा ‘डिलेड रूल’, म्हणजे मागाहून ठरल्या वेळी चालणारा नियम, लिहा, प्रती रात्री निवांत होऊ देत.

आता खरी मेख. कोणी उत्साही सभासद नॅसचा फोल्डर उघडून फायली परस्पर हलवील, आणि कॅटलॉगला त्याचा पत्ताच नसेल. तेव्हा त्या फोल्डरचे थेट हक्क सगळ्यांचे काढा. रुसतील, रुसू देत. आधीच्या फायली पुन्हा चढवायची गरज नाही. सर्व्हरला दिसणाऱ्या डिस्कवर असतील तर ‘आयरेग’ आज्ञेने जागच्या जागी नोंदवता येतात.

सर्व्हर लिनक्सवर चालतो. तो सांभाळणारे कोणी मंडळात नसेल तर माझे उत्तर ‘नको’ असे आहे. फायलींना नावे देण्याची एक पद्धत ठरवा आणि एक स्प्रेडशीट करा. कोणी असेल तर जरूर बसवा, पण कॅटलॉगचा बॅकअप पहिल्या दिवसापासून घ्या, तोही दुसऱ्या मशीनवर. वन-फोर्टीनचा (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीचा) उतारा गहाळ झाला तरी शेत जागेवरच असते, पण कुणाचे ते सिद्ध करताना तोंडाला फेस येतो. कॅटलॉग गेला तर तुमच्या ध्वनिफितींचे तसेच होईल. डिस्कवर फायली असतील, पण जोडलेली सगळी माहिती गेलेली असेल.