कंबर आणि पायातल्या शिरेचं दुखणं कायमचं असेल तर रोजचे दिवस कसे काढायचे?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं कंबरेतून पायात कळ जाते, डॉक्टर ऑपरेशन नको म्हणतात पण पूर्ण बरंही वाटत नाही, आणि आता मुंबई सोडून गावी बाग बघायला यावं की नाही ते कळत नाही. मी देवगडकडचा, आंब्याची कलमं आहेत. माझं दुखणं नऊ वर्षांचं. एल४-एल५, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून शीर दाबली गेलीय. कळ कुल्ल्यातून निघते, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने उतरते आणि पायाच्या अंगठ्यात मुंग्या आणते. मी डॉक्टर नाही, हे धरून वाचा.

लोक विचारतात, फार दुखतं तेव्हा काय करतोस? तेव्हा काही करावंच लागत नाही, शरीर करूच देत नाही. माझा घात दरवेळी बऱ्या दिवसाने केलाय. तिसऱ्या वर्षी एप्रिलात सलग चार दिवस कळ आली नाही. वाटलं, गेलं! पिकअप दारात उभा होता, वीस-वीस किलोचे क्रेट मीच चढवले. रात्री मजेत जेवलो. सकाळी दात घासायला वाकलो तो तिथेच बेसिन धरून राहिलो. पुढचे तीन आठवडे पडवीत आडवा, आणि ऐन हंगामातला हापूस गड्यांच्या भरवशावर.

तेव्हापासून काम घड्याळावर. बसणं वीस मिनिटं, मग उठून अंगणात एक फेरी, दुखत असो वा नसो. ‘दुखलं की थांबू’ हा हिशेब माझ्याकडे चालत नाही, कारण माझी शीर चुगली उशिरा करते, बहुतेक दुसऱ्या दिवशी. दिवसच्या दिवस पडून राहणंही महागात पडतं. मला चालण्याने सुटतं, बसण्याने आवळतं.

बाकी बदल बारीकसारीक. आंबे निवडायला आणि पेटी भरायला पूर्वी पेंढ्यात मांडी घालून बसायचो, आता कंबरेइतक्या उंच फळीवर उभ्याने भरतो. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबा काढणं सोडलं. मान वर, हात वर आणि कंबरेला पीळ, तिन्ही एकदम. घरात कमोड बसवला. पाकीट मागच्या खिशातून काढलं, बसलं की ते नेमकं शिरेवर येतं. शिंक आली की भिंत धरून गुडघे थोडे वाकवतो. झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. एसटीत मागची सीट कधीच नाही, कंडक्टर ओरडला तरी पुढे उभा राहतो.

व्यायाम फिजिओथेरपिस्टने तपासूनच घ्या. मला पालथं पडून छाती उचलली की आराम पडतो, तर आमच्या काकींची मणक्यातली नळी अरुंद झालीय, त्यांना पुढे वाकल्यावर सुटतं. माझा व्यायाम त्यांना दिला तर त्या मला घरात घेणार नाहीत. शिरेच्या कळेसाठी रात्री प्रिगॅबालिन घ्यायचो. त्याने गरगरतं, त्यामुळे गाडी बंद. आणि डॉक्टरांना न विचारता ते एकदम थांबवू नका. निर्गुंडीच्या पाल्याचा शेक बरा वाटतो, ऊब मिळते म्हणून. गादी काही त्याने जागेवर जात नाही. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या माणसाची लाथही खाल्लीय. उसणीला चालत असेल, मला फक्त लाथ लागली.

एका गोष्टीत मात्र घरगुती काही नको. जांघेभोवतीचा, बसण्याच्या जागेचा भाग बधिर झाला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा पाऊल उचलेनासं झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं हॉस्पिटल गाठा. आमच्याकडून तिथे पोचायलाच वेळ जातो, म्हणून गाडीवाल्याचा नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवलाय.

सगळ्यात जड जातं ते लोकांना दिसत नाही हे. प्लास्टर नाही, काठी नाही. गणपतीत माटवी, म्हणजे मूर्तीवरची फळाफुलांची चौकट, बांधायला हात लावला नाही की कोणीतरी म्हणतंच, ‘दिसतंस तर धडधाकट, मगे उचलूक काय झाला?’ भजनाला मी दारातल्या खांबाला टेकून उभा असतो, तर निम्म्या वाडीला वाटतं हा निघालाच. आधी समजावत बसायचो. आता एक काम मागून घेतो, आरतीच्या वेळी झांज. उभ्याने वाजवता येते.

गावी यायचं तर या, पण गड्यांच्या मजुरीचा हिशेब धरून या. एकट्याच्या पाठीवर बाग होणार नाही. उद्या आमच्याकडे बेणणी, म्हणजे बागेतलं गवत काढणं, आहे. आज आठवडा झाला, कळ नाही. तरी मी सातला जाऊन आठला घरी येणार, आणि बायको आठला हाक मारणार आहे, कारण माझा भरवसा तिलाही नाही.